दुसऱ्या वर्षाची कुस्ती

प्रश्न कागल तालुक्यातल्या एका गृहस्थांचा आहे. त्यांचा पुतण्या गेल्या वर्षी १७ वर्षांखालच्या गटात ६५ किलोत जिल्ह्यात पहिला आला, विभागातही पहिला आला. यंदा तो २० वर्षांखालच्या गटात गेला आणि जिल्ह्यातच दुसऱ्या फेरीत हरला. घरात आता तीन तट पडलेत. पोराचा बाप म्हणतो, पोरगं शेफारलं. आजोबा म्हणतात, नजर लागली. आणि प्रश्न विचारणारे काका म्हणतात, गेल्या वर्षी ड्रॉ सोपा पडला होता, नशिबानं साधलं. त्यात रोज बातम्यांत अमका संघ सलग चौथ्यांदा आणि तमका खेळाडू सलग तिसऱ्यांदा जिंकल्याचं येतंच. म्हणून त्यांनी विचारलंय की सलग जिंकणाऱ्यांकडं असं काय असतं जे बाकीच्यांकडं नसतं, आणि एकदा जिंकून पुढच्या वर्षी हरलेल्याला चॅम्पियन म्हणायचं का नाही.

मी गेली २६ वर्षं कोल्हापुरात तालमीत पोरं शिकवतोय, त्याआधी स्वतः लढलो. तेव्हा उत्तर कुस्तीच्या बाजूनंच येणार. बाकीच्या खेळांतलं मला बघणाऱ्याएवढंच कळतं. फुटबॉलवर मत दिलं तर पेठेत राहणं मुश्कील होईल, तरी थोडं देणारच आहे.

आधी प्रश्नच जरा सरळ करून घेऊ. पुतण्या चॅम्पियन आहे का नाही, हा तुमचा खरा प्रश्न नाही. ते गेल्या वर्षीच ठरलं, त्याचं नाव कागदावर लागलंय, ते कोणी खोडू शकत नाही. तुम्हाला टोचतंय ते असं की एक वर्ष जिंकलेलं पोरगं बारा महिन्यांत एवढं कसं बदललं. माझ्या अनुभवात यातल्या निम्म्याहून जास्त वेळा पोरगं बदललेलं नसतं. त्याच्याभोवतीचं सगळं बदललेलं असतं आणि पोरगं तेवढं तसंच राहिलेलं असतं.

हे पटवून द्यायच्या आधी एक कबूल करतो. ‘सलग’ या शब्दाला प्रत्येक खेळात वेगळं वजन आहे. मँचेस्टर सिटीनं इंग्लंडची लीग २०२०-२१ पासून २०२३-२४ पर्यंत सलग चार वर्षं जिंकली. ती लीग म्हणजे एका मोसमात ३८ सामने. एखाद्या रविवारी पंचानं पेनल्टी दिली नाही, एखाद्या रात्री गोलकीपरच्या हातून बॉल निसटला, तरी ३८ सामन्यांत ते भरून निघतं. म्हणजे तिथं सलग जिंकणं हे संघाच्या खोलीचं माप आहे. ती खोली कमी झाली की काय होतं तेही दिसलं. सप्टेंबर २०२४ मध्ये त्यांचा मधल्या फळीतला रोद्री गुडघ्याच्या दुखापतीनं बाहेर गेला, आणि त्या मोसमात लीग लिव्हरपूलकडं गेली.

फुटबॉलचा विश्वचषक मात्र चार वर्षांतून एकदा येतो आणि सात-आठ सामन्यांत संपतो. तिथं सलग दोनदा जिंकलेले देश आजवर दोनच, १९३४ आणि १९३८ ला इटली, १९५८ आणि १९६२ ला ब्राझील. उलट इटली २००६ ला जिंकली आणि २०१० ला गटातच बाहेर. स्पेन २०१० ला जिंकला, २०१४ ला गटातच बाहेर. जर्मनी २०१४ ला जिंकली, २०१८ ला तीच गत. तीन वेगळे देश, तीन वेगळे प्रशिक्षक, आणि तिघांचा एकच शेवट. हे सगळे एकदम शेफारले असं म्हणणार का आपण? २०१४ ला ब्राझीलचे आणि अर्जेंटिनाचे फ्लेक्स आपल्या गल्ल्यांत कमानीएवढे लागले होते, त्यांच्यामध्ये एक स्पेनचाही होता. नेदरलँड्सनं पाच घातल्यावर तो दुसऱ्या दिवशी गायब. लावणारा पोरगा अजून त्याचं नाव घेऊ देत नाही.

कुस्ती दोन्हीपेक्षा निष्ठुर. एका दिवसात चार-पाच लढती, प्रत्येक लढत तीन-तीन मिनिटांचे दोन डाव, आणि एक चुकीचं पाऊल म्हणजे सरळ चार गुण. तेव्हा तुमच्या पुतण्याची तुलना मँचेस्टर सिटीशी करू नका.

आता महाराष्ट्र केसरीकडं या. ही स्पर्धा १९६१ पासून चालू आहे. पहिल्या पन्नास वर्षांत सलग दोनदा गदा उचललेली नावं बोटांवर मोजण्याएवढी. गणपत खेडकर, चंबा मुतनाळ, आमच्या मोतीबाग तालमीचे दादू चौगुले, लक्ष्मण वडार, आणि मग थेट २००७-०८ ला चंद्रहार पाटील. तीनदा सलग कोणीच नाही. आणि मग काय झालं बघा. २०११ ते २०१३ नरसिंग यादव, लगेच २०१४ ते २०१६ विजय चौधरी. पन्नास वर्षं जे झालं नव्हतं ते सहा वर्षांत दोनदा झालं. कट्ट्यावर लगेच निष्कर्ष निघाला की आता कुस्तीत दम राहिला नाही, जोडच राहिला नाही.

मला ते तेव्हाही पटलं नव्हतं, आजही नाही. जुन्या काळी महाराष्ट्र केसरी झालेला पैलवान वर्षभर जत्रांची मैदानं लढायचा. इनाम तिथं होतं, घर त्यावर चालायचं. शिमग्यापासून मिरगापर्यंत आज या गावाला तर उद्या त्या. पुढच्या अधिवेशनाला, म्हणजे पुढच्या महाराष्ट्र केसरीला, उभा राहायचा तेव्हा अंग दुखण्यांनी भरलेलं असायचं. नरसिंग आणि विजय यांच्या पिढीला मॅटवरचा सराव, शिबिरं, नोकरीची आशा, डॉक्टर हे सगळं थोडंफार मिळालं. आधीचे कमी पडले असं मी म्हणणार नाही, त्यांना दुसऱ्या वर्षासाठी अंग राखायची सवडच नव्हती. दादूमामांसारख्यांनी त्या काळात १९७० आणि १९७१ अशी लागोपाठ गदा आणली, म्हणून मी त्याला मोठं मानतो.

मोजणीचा घोळ तर विचारूच नका. जानेवारी २०२३ ला पुण्यात शिवराज राक्षे महाराष्ट्र केसरी झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये संघटनेच्या भांडणात दोन वेगवेगळी अधिवेशनं झाली. फुलगावला आमच्या गंगावेश तालमीत घडलेल्या सिकंदर शेखनं शिवराजलाच पहिल्या मिनिटात चीत केलं. पुढं काही दिवसांतच धाराशिवला शिवराज पुन्हा महाराष्ट्र केसरी झाला. आता सांगा, शिवराज सलग दोनदा का नाही? एका हिशेबानं आहे, दुसऱ्या हिशेबानं नाही. दोन पैलवानांनी दोन्हीकडं घाम गाळला, आणि हिशेब मात्र कागदवाल्यांचा.

रेघ कुठून ओढता यावर सगळं अवलंबून असतं, याचं जगातलं सगळ्यात मोठं उदाहरण क्युबाचा मिहाइन लोपेझ. ग्रीको-रोमनचा, म्हणजे कमरेखाली पकड चालत नाही त्या कुस्तीचा, वरच्या वजनाचा पैलवान. २००८, २०१२, २०१६, टोकियो आणि २०२४ पॅरिस, एकाच प्रकारात सलग पाच ऑलिंपिक सुवर्ण. कोणत्याच खेळात एकट्याच्या लढतीत हे आधी कोणी केलेलं नव्हतं. पॅरिसला वय ४१. अंतिम लढत जिंकली आणि बूट काढून मॅटच्या मधोमध ठेवून गेला, म्हणजे आता संपलं. आमच्या तालमीतली पोरं मोबाईलवर ते बघून गप्प झाली होती. बरं, हाच लोपेझ २०११ आणि २०१५ च्या जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत तुर्कस्तानच्या रिझा कायाल्पकडून हरलाय! दोन्ही वेळा पुढच्याच वर्षी ऑलिंपिकला त्याच कायाल्पला त्यानं हरवलं. २०१५ ला आपण कट्ट्यावर असतो तर म्हणालो असतो, लोपेझ संपला. तो त्या हारीचा अभ्यास करत होता. पॅरिसच्या आधी तर तीन वर्षं तो स्पर्धेत उतरलाच नव्हता. त्याला कुठल्या दिवशी जिंकायचंय हे ठाऊक होतं आणि बाकीचे दिवस तो त्यासाठी खर्च करत होता.

म्हणजे सलग जिंकणारा रोज जिंकत नसतो. काहींच्या बाबतीत आपल्याला फक्त जिंकलेले दिवस दाखवले जातात.

आता दुसरी बाजू, कारण तुमच्या पुतण्याचं दुखणं तिथं आहे. चॅम्पियन झाला की तो धडा होऊन बसतो. त्याच्यावर अभ्यास सुरू होतो.

हे मी स्वतःच्या अंगावर शिकलोय. शिरोळकडच्या एका गावच्या यात्रेत मी एक वर्ष मोठ्या जोडीची कुस्ती मारली. माझा हुकमी डाव ढाक. समोरच्यानं मानेवर हात टाकायचा अवकाश, मी त्याच्या काखेत हात अडकवून कंबर घालायचो. चौथ्या मिनिटाला मैदान उठलं, हलगी वाजली, फेटा बांधला. पुढच्या वर्षी त्याच यात्रेला मला मान म्हणून बोलावलं. जोड त्याच भागातला, नाव माहीत नव्हतं. सलामी झाली, खडाखडी सुरू झाली आणि मला कळेना काय होतंय. पोरगं हातच देईना. दोन्ही कोपरं बरगड्यांना चिकटवून उभं. मी ओढलं की येतंय, ढकललं की जातंय, पण काखेत हात शिरायला बोटभर जागा नाही. मातीत गुण नसतात, घड्याळ कोणी बघत नाही. अठरा-वीस मिनिटं तशी गेली. माझे हात दगड झाले. मग त्यानं पहिल्यांदा हात लावला, तो थेट माझ्या पायाला. पट काढला, म्हणजे पाय धरून ओढला, खाली घेतलं आणि घिस्सा डाव मारून मोकळा झाला. नंतर कळलं, त्याचा वस्ताद आदल्या वर्षी त्याच मैदानात पुढच्या रांगेत बसला होता. वर्षभर त्यानं त्या पोराला कोपरं आवळून लढायला लावलं होतं, फक्त माझ्यासाठी. मी मात्र त्या वर्षात नवीन काही शिकलो नव्हतो. उलट सहा किलो वाढलो होतो. सत्कार, जेवणं, जिलेबी.

तेव्हा एका वस्तादाला मैदानात येऊन बसावं लागलं होतं. आज प्रत्येक कुस्ती कोणीतरी मोबाईलवर घेतो आणि संध्याकाळच्या आत ती यूट्यूबवर असते. तुमचा पुतण्या विभागाला पहिला आला त्या रात्रीच पाच तालमींत त्याची कुस्ती थांबवून-थांबवून बघितली गेली असणार.

याचंच मोठं रूप पॅरिसला ६ ऑगस्ट २०२४ ला दिसलं. जपानची युई सुसाकी टोकियोची सुवर्णविजेती, परदेशी पैलवानाकडून तोवर कधीच न हरलेली. पहिल्याच फेरीत समोर विनेश फोगाट. विनेशनं काय केलं ते पुन्हा एकदा शांतपणे बघा. तिनं जवळजवळ सगळी लढत हल्लाच केला नाही. निष्क्रियतेचे दोन गुण गेले तरी जाऊ दिले. सुसाकी समोरच्याच्या हल्ल्यावर उलटून मारते, म्हणून विनेशनं तिला उलटायला काही दिलंच नाही. शेवटचे काही सेकंद उरले तेव्हा एकदाच आत शिरली आणि दोन गुण घेतले. जपाननं पंचांच्या निर्णयाला आव्हान दिलं, ते फेटाळलं गेलं म्हणून आणखी एक. ३-२. ही कुस्ती ताकदीवर जिंकलेली नाही, वहीत लिहून जिंकलेली आहे. आणि सुसाकी त्या दिवशी वाईट लढली असंही कोणी म्हणू शकणार नाही. ती तिच्यासारखीच लढली, तोच तर घोटाळा झाला.

तरीही नियमाचा फटका वेगळा असतो, तो कोणाच्याच हातात नसतो. रशियाचा अलेक्झांडर कारेलिन, १९८८, १९९२, १९९६ अशी तीन सुवर्णं, तेरा वर्षं आंतरराष्ट्रीय आखाड्यात अजिंक्य. २००० ला सिडनीत अंतिम फेरीत अमेरिकेचा रुलॉन गार्डनर, ज्याला कारेलिननं तीन वर्षांपूर्वीच सहज हरवलं होतं. त्या वेळच्या नियमाप्रमाणे पहिला डाव कोरा गेला की दुसऱ्याच्या सुरुवातीला दोघांनी छातीला छाती लावून मिठी बांधायची, आणि ज्याची पकड आधी सुटेल त्याचा गुण गेला. कारेलिनचे हात क्षणभर सुटले. १-०. तेवढ्यावर सुवर्ण गेलं. माणूस तोच, ताकद तीच, पण डोंगर उचलणाऱ्याला त्या दिवशी दोन बोटं घट्ट ठेवायची होती. मी पोरांना ही कुस्ती दाखवतो ती नियमाचं पुस्तक दरवर्षी नव्यानं वाचायला लागावं म्हणून.

आतापर्यंतचं थोडक्यात सांगायचं तर दुसऱ्या वर्षी तीन गोष्टी उलट्या जातात. समोरचे तुमच्यावर तयारी करून येतात, तुमचं वर्ष सत्कारात आणि थकव्यात जातं, आणि कधी कधी खेळाचे नियमच सरकतात. पहिल्या वर्षी या तिन्हीपैकी एकही तुमच्या वाट्याला नसतं. म्हणून दुसऱ्या वर्षीच्या विजयाला मी पहिल्याच्या दुप्पट मोजतो, पण दुसऱ्या वर्षीच्या हारीला अर्धंच मोजतो.

संघाचं गणित आणखी निराळं. तिथं सलग जिंकणं एकट्याचं नसतं, मागून येणाऱ्यांचं असतं. जुन्या मुंबई संघानं रणजी करंडक १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत सलग १५ वेळा जिंकला. १५ वर्षांत संघ किती वेळा बदलला असेल? चार-पाच जण भारताकडून खेळायला गेले तरी मैदानांवरून नवी पोरं यायची आणि जिंकायची. आमच्याकडं तालीम म्हणजे तेच. एक महाराष्ट्र केसरी झाला म्हणून तालीम मोठी होत नाही. रोज पहाटे त्याला हौद्यात, म्हणजे तालमीतल्या मातीत, मोडणारे चार जण तयार असले तर होते. ज्या तालमीत चॅम्पियनच सगळ्यांत भारी, तिथला चॅम्पियन एका वर्षाचा. हे मी कोणत्याही पोराच्या बापाला सांगतो, आणि बाप दरवेळी म्हणतो, “पण वस्ताद, आमचा तर इथं सगळ्यांना पाडतोय की!” अहो, तेच तर काळजीचं आहे.

आपल्या शेजारचंच उदाहरण घ्या. नोव्हेंबर २०२५ ला भारताच्या मुलींनी नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून पहिल्यांदा विश्वचषक आणला. सांगलीची स्मृती मानधना त्यात होती, म्हणून आपल्याकडं फटाके जास्त वाजले, वाजायलाच हवेत. सत्काराच्या मी विरोधात नाही. स्वप्नील कुसाळे कांबळवाडीसारख्या गावातून उठून पॅरिसहून नेमबाजीचं कांस्यपदक घेऊन आला तेव्हा मीही रस्त्यावर उभा होतो. पण सत्काराला शेवटची तारीख असावी. आमच्या तालमीत जिंकलेल्याला २१ दिवस मिळतात. त्यात कुठंही जा, काहीही खा, फेटे बांधून घ्या. बाविसाव्या दिवशी पहाटे साडेचारला हौदा उकरायला तोच पहिला. पहिला आठवडा नुसते जोर-बैठका, कुस्ती नाही. एका पोराच्या घरच्यांना हे फार लागलं होतं, पोरगा राज्यात पदक घेऊन आलाय आणि वस्ताद त्याला माती उकरायला लावतोय म्हणून. त्यांनी तालीम बदलली. त्याचं पुढं काय झालं हे सांगत नाही, कारण चांगलं झालं. सगळं माझ्याच म्हणण्याप्रमाणे होत नाही.

आता तुमच्या पुतण्याकडं येतो. तुमच्या लिहिण्यात अगदी शेवटी, जाता जाता टाकलेलं एक वाक्य आहे: “वजन गेल्या वर्षीसारखंच ६५ ठेवलं होतं, त्यासाठी शेवटचे आठ दिवस जेवण तोडलं.” मला वाटतं तुमचं निम्मं उत्तर त्या वाक्यात आहे.

पोरगं वाढीच्या वयातलं. वर्षभरात उंची वाढली असणार, खांदे भरले असणार. गेल्या वर्षी तो ६५ चा होता, यंदा त्याला ६५ मध्ये कोंबलाय. आठ दिवस उपाशी राहून काट्यावर ६५ दाखवता येतं, पण त्या अंगात मुठीची पकड राहत नाही. पहिली फेरी निघते, कारण ती रागावर निघते. दुसऱ्या फेरीत तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला हात जड होतात. तुम्ही लिहिलंय तसंच झालं, पुढं असताना शेवटच्या मिनिटात दोनदा पट दिला. त्यात आता आंतरराष्ट्रीय नियमानं वजन लढतीच्या दिवशी सकाळीच होतं, आदल्या संध्याकाळी नाही. पूर्वी रात्रभर खाऊन-पिऊन अंग भरून घ्यायला सवड होती, आता दोन तास मिळतात. आणि अंतिम फेरीसाठी दुसऱ्या दिवशी पुन्हा काटा. तिथं १०० ग्रॅमनं काय होतं हे विनेशनं सुसाकीला हरवल्याच्या दुसऱ्याच सकाळी सगळ्या देशानं बघितलंय. जिल्ह्याच्या स्पर्धेत हे नियम किती पाळतात ते आयोजकांवर असतं, पण पुढं जायचं तर सवय याचीच पाहिजे.

२० वर्षांखाली ६५ नंतर थेट ७० चा गट आहे. पोराचं भर मेहनतीतलं, पोटभर जेवलेलं सकाळचं वजन किती आहे ते मला माहीत नाही, त्यावर सगळं आहे. ते ६७ च्या आत असेल तर ६५ ठीक, दीड-दोन किलो हळूहळू उतरवता येतं. ६९ च्या वर असेल तर सरळ ७० मध्ये घाला आणि वर्षभर खुराक द्या. पहिले सहा महिने हरेल, हरू द्या. मधलं असेल तर मात्र बघूनच सांगेन. गेल्या वर्षीची गदा ६५ ची म्हणून यंदाही ६५ च, हा हट्ट घरातला असतो, पोराच्या अंगाला तो कळत नाही.

दुसरं, १७ वर्षांखालून २० वर्षांखाली जाणं म्हणजे सलग दुसरी स्पर्धा नव्हेच, ती नवी पहिली स्पर्धा आहे. तिथं त्याच्यापुढं दोन वर्षं जास्त जोर मारलेली पोरं उभी आहेत. आपण घरात बसून तो ‘टिकला नाही’ म्हणतोय. तो अजून टिकायच्या जागी पोचलेलाच नाही.

तिसरी गोष्ट फक्त शंका आहे, खात्री नाही. तुम्ही लिहिलंय की तो नेहमी समोरच्याच्या उजव्या पायाचा एकेरी पट काढतो, आणि यंदा तो मिळालाच नाही. हरवणारा पोरगा डावा पाय पुढं ठेवून उभा होता का, एवढं बघा. बहुतेक पोरं उजवा पाय पुढं ठेवतात, म्हणून हा पट गेल्या वर्षी सगळ्यांवर चालला. समोरच्यानं उभं राहायची बाजूच बदलली तर तो पाय हातभर लांब जातो. मग डोकं आत घालायची बाजू बदलावी लागते, आणि ते ऐन कुस्तीत सुचत नाही, तालमीत शेकडो वेळा करून घ्यावं लागतं. तसं असेल तर दुखणं सहा महिन्यांचं आहे. डावीकडून पट, आणि पट चुकला तर त्याच हालचालीतून लपेट, एवढं बसवलं तरी पुढच्या वर्षी अभ्यास करून आलेल्यांची वही कोरी.

शेफारलंय का नाही ते मला लांबून कळणार नाही. बापाला सांगा, पोरगं हरल्यावर व्हिडिओ स्वतःहून किती वेळा बघतंय त्यावर लक्ष ठेवा. एकदाही बघितला नसेल तर मीही थोडा तुमच्या बाजूचा. आजोबांना मात्र काही सांगू नका. त्यांनी मीठ-मोहऱ्या उतरवल्या तर बिघडत काही नाही, फक्त त्या दिवशी पोराचं जेवण तोडू नका.

कोल्हापूरला आणायचं असेल तर संध्याकाळी साडेचारनंतर आणा, पहाटे तालमीत बोलायला कोणाला सवड नसते. येताना गेल्या वर्षीची विभागातली शेवटची कुस्ती आणि यंदाची हरलेली, दोन्ही मोबाईलमध्ये घेऊन या. आणि त्या दिवशी दुपारी त्याला पोटभर जेवू घालून आणा, आमच्याकडं काटा आहे.